अंगठी बिघडवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

चांदीची अंगठी घरच्या घरी करता येते, असा समज हल्ली बराच पसरला आहे. तो खरा आहे. मात्र अंगठी होण्याआधी अंगठी नसलेल्या बऱ्याच वस्तू होतात. काही वाटोळ्या, काही चपट्या, काही भोके पडलेल्या, काही करंगळीतही न जाणाऱ्या. या वस्तूंबद्दल कुणी लिहीत नाही. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत त्या शिकवत नाहीत आणि व्हिडिओतून तर त्या कापूनच टाकलेल्या असतात. हौशी कारागिराचा सुरुवातीचा सगळा काळ प्रत्यक्षात याच वस्तू घडवण्यात जातो. निदान त्या नीट, क्रमाने आणि समजून-उमजून घडाव्यात, एवढ्याच हेतूने पुढील मार्गदर्शन केले आहे. ज्यांना पहिल्या फटक्यात यश हवे, त्यांनी सराफाकडे जावे. तिथे अंगठ्या तयार मिळतात, वर डबीही देतात.

धातू कोणता घ्यावा? जाणकार सांगतात की तांब्यापासून सुरुवात करा. तांबे स्वस्त असते, 1085 अंशांपर्यंत वितळत नाही आणि चुकले तर झोप उडत नाही. सल्ला उत्तम आहे. म्हणूनच तो कुणी पाळत नाही. तांब्याची अंगठी घातली की बोटाभोवती हिरवे वळे उमटते आणि घरातल्या मोठ्यांना तांबे अंगाला कसे चांगले असते यावर बोलायला निमित्त मिळते, या दोन्ही गोष्टी नवशिक्याला नको असतात. तो थेट चांदी आणतो. सोन्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हा लेख नाही. त्यांच्यासाठी तारण घेणाऱ्या बँका आहेत.

पत्रा घ्यायला गेल्यावर दुकानदार गेज विचारतो. आकडा मोठा तर पत्रा जाड, असे कोणत्याही सरळमार्गी माणसाला वाटते. गेजचे उलटे आहे. 18 गेज म्हणजे मिलिमीटरभर किंवा थोडे वर, आणि 26 गेज म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. तेव्हा दणकट कड्यासाठी ऐटीत 26 गेज मागावा, दुकानदार काही न बोलता देतो, आणि घरी येऊन कडे म्हणून जे वळते ते बांगडीवाल्याच्या पुठ्ठ्यालाही लाजवते. ही चूक एकदाच होते. शिक्षणाच्या दृष्टीने ती फार मोलाची नाही, पण स्वस्तात होते म्हणून आधी उरकून घ्यावी.

आता माप. या विषयात आपल्याकडे फार जुना दाखला आहे. पंढरपूरचे नरहरी सोनार कट्टर शिवभक्त, विठ्ठलाच्या देवळात पाऊल न टाकणारे. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करायला दिला आणि कमरेचे माप स्वतः आणून दिले. करगोटा कधी सैल होई, कधी आखूड. शेवटी नरहरी डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला गेले आणि पुढे जे झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. या आख्यायिकेतून हरिहर एकच, असा बोध कीर्तनकार काढतात आणि तो योग्यच आहे. पण सोनारकामापुरता तिचा अर्थ बघायचा तर गिऱ्हाइकाने आणलेल्या मापावर दागिना करू नये. मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला, पट्टी शेजारी ठेवून काढलेला बोटाचा फोटो हे माप नव्हे. दोऱ्याचे मापही नव्हे. दोरा ताणतो.

समजा माप बरोबर आले. अंगठीचा आतला व्यास 17 मिलिमीटर हवा. नवशिका 17 ला 3.14 ने गुणतो, 53.4 मिलिमीटरची पट्टी कापतो, वळतो, झाळतो, घासतो, उजळतो आणि मग ती अंगठी बोटाच्या पेरावर अडून बसते. पट्टीलाही जाडी असते, हे तो विसरलेला असतो. वाकवताना पट्टीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि लांबी खरी राहते ती मधल्या रेषेची. दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा असेल तर 17 मध्ये दीड मिळवून मग गुणायचे, म्हणजे 58.1 मिलिमीटर होतात. पावणेपाच मिलिमीटरचा फरक पडतो. शाळेत वर्तुळाचा परीघ शिकवताना याचा पुढे उपयोग काय असे ज्यांनी गुरुजींना विचारले होते, त्यांनी ही चूक मुद्दाम करून पाहावी.

लहान झालेली अंगठी पोलादी दांड्यावर चढवून ठोकत थोडी मोठी करता येते. मोठी झालेली मात्र कापून पुन्हा झाळावी लागते. म्हणून चुकायचेच तर लहान बाजूला चुकावे, असे जुने कारागीर सांगतात. त्यांचा ‘थोडी’ हा शब्द नवशिक्याला ऐकू येत नाही. तो दणादण ठोकतो आणि सांधा होता नेमका तिथेच अंगठी उलगडते.

कापायच्या करवतीबद्दल एवढेच सांगतो की पाते फ्रेममध्ये बसवताना दाते खालच्या बाजूला, मुठीकडे तोंड करून असावेत. काम खाली ओढताना होते. उलटे बसवले तर पत्रा दर खेपेला उचलून येतो आणि आपल्याला पत्र्यात खोट आहे असे वाटते. पाते ताणून बसवल्यावर नखाने छेडावे. स्वर उमटला तर ठीक, नुसताच थप्प आवाज आला तर ते पहिल्याच वळणावर तुटेल. पाती डझनाने मिळतात ती याचसाठी. वळणावर फ्रेम फिरवायची नसते. पाते जागच्या जागी खाली-वर करत पत्रा फिरवायचा असतो. हे वाक्य वाचून कुणालाही कळत नाही. पुढ्यातला डझन संपत आला की आपोआप कळते.

मग ठोकणे. धातू ठोकला की कडक होतो आणि कडक झालेला आणखी ठोकला की तडकतो. म्हणून अधूनमधून तो मंद लाल तापवून पुन्हा नरम करून घ्यायचा असतो. मंद लाल म्हणजे किती? उन्हात बसून तापवले तर तो लाल रंग दिसतच नाही, आणि दिसू लागतो तेव्हा मंद राहिलेला नसतो. यासाठी कामाचा कोपरा अंधारा हवा. घरातल्या माणसांना आपण अंधारात जाळ करून बसलो आहोत याची आगाऊ कल्पना द्यावी.

ठोकताना हातोडीचे ठसे उमटतात. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथले कारागीर तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करतात. भांडे हळूहळू फिरवत जायचे आणि हातोडीच्या एकेका ठोक्याने शेजारी शेजारी, एकाच खोलीचे खळगे उठवत जायचे. त्याने पत्रा बळकट होतो आणि उजेड पडला की सगळे भांडे झळकते. आपल्या अंगठीवर उमटलेले ठसे यांतले नव्हेत. काही खोल असतात, काही वरवरचे, आणि एक ठळक चंद्रकोर हातोडी तिरकी पडल्याची साक्ष देत असते. या ठशांना मठारकाम म्हणू नये. ‘हॅमर्ड फिनिश’ म्हणावे. मठारकाम म्हटले आणि तांबट आळीतल्या कुणाच्या कानावर गेले तर तो काही बोलणार नाही, फक्त अंगठी हातात घेऊन उलटसुलट करून पाहील. ते सहन होत नाही.

इथवर झालेल्या चुका किरकोळ समजाव्यात. खरे शिक्षण डाग देताना होते.

सांधा आधी असा जुळला पाहिजे की उजेडाकडे धरला तर फटीतून काही दिसू नये. डाग म्हणजे खिडकीच्या चौकटीत भरायची लांबी नव्हे, तो फट भरत नाही. टेकलेल्या दोन कडांमध्ये तो शिरतो, एवढेच त्याचे काम. जुळलेल्या सांध्यावर टाकणखाराची पातळ पेस्ट लावावी, त्यावर डागाचे मोहरीएवढे तुकडे ठेवावेत आणि ज्योत लांबून फिरवत आणावी. पाणी उडते, टाकणखार फुगतो, त्याची लाही होते. ती लाही फुगताना डागाचा तुकडा अलगद उचलते आणि जिथे तो अजिबात नको तिथे नेऊन ठेवते. तो परत जागेवर सारायला बोट पुढे जाते. बोट आवरावे, चिमटा घ्यावा. या गडबडीत अंगठी निवते, जीव वरखाली होऊ लागतो आणि ज्योत थेट डागावर रोखली जाते. डाग तापतो, अंगठी थंडच राहते, डागाची टणक गोळी होते आणि मग ती काही केल्या वाहत नाही. कारण डाग उष्णतेच्या मागे जातो. त्याच्याकडे आपले मुळी लक्षच नाही असे दाखवून सगळी अंगठी सारखी तापवायची असते. टाकणखार वितळून पारदर्शक होतो, चांदी मंद लाल दिसू लागते, आणि मग अचानक सांध्यातून एक चकचकीत रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन धावते. झाले काम. ज्योत बाजूला घ्यावी.

ती कुणीही घेत नाही. अजून जरासे, खात्रीसाठी, असे वाटतेच. कडक डाग साडेसातशे अंशांच्या आसपास वाहतो. शुद्ध चांदी 961 अंशांपर्यंत टिकते, पण आपण आणलेली असते ती 92.5 टक्के चांदी आणि उरलेले तांबे, ती आठशेच्या थोड्या पुढेच पाघळू लागते. आपल्या खात्रीला जागा आहे ती मधल्या पन्नास-साठ अंशांत. ती संपली की आधी पृष्ठभाग ओला दिसू लागतो. किती छान चमक आली, असे इथे मनात येते. मग कडा गोलावतात. मग अंगठी जिथे सर्वांत बारीक असते तिथून दुभंगते, दोन्ही टोके मागे सरकतात आणि टोकांशी दोन गुबगुबीत गोळे तयार होतात. हे सगळे एका श्वासात होते. व्हिडिओत डाग तीन सेकंदांत वाहतो आणि लगेच पुढचे दृश्य येते. त्या कापलेल्या जागेत काय काय झाले असेल, याचा अंदाज आता येऊ लागेल.

दागिन्याला एकाहून अधिक सांधे असतील तर आधी कडक, मग मध्यम, मग नरम डाग, अशा उतरत्या क्रमाने जावे. उलट्या क्रमाने गेल्यास दुसरा सांधा देताना पहिला सुटतो, पहिला देताना दुसरा सुटतो, आणि हा खेळ रात्री उशिरापर्यंत रंगतो. हाताशी डाग नाही म्हणून रेडिओ दुरुस्तीचे शिशाचे सोल्डर वापरण्याचा प्रयोगही एकदा होतोच. तेव्हा सगळे मजेत जुळते. पुढे कधीतरी ती वस्तू पुन्हा तापवावी लागते आणि शिसे चांदीत खड्डे पाडत आत उतरते. या चुकीचे वैशिष्ट्य असे की शिक्षा फार उशिरा होते आणि तोवर गुन्हा आठवत नाही.

काळवंडलेली वस्तू नंतर सौम्य आम्लाच्या पाण्यात टाकतात, जुन्या रीतीने तुरटीच्या उकळत्या पाण्यातही टाकतात. ती बाहेर काढायला लोखंडी चिमटा बुडवला की चांदी गुलाबी होऊन येते. त्या पाण्यात आधीच्या कामांतून उतरलेले तांबे विरघळलेले असते, लोखंड आत येताच ते तांबे सुटते आणि चांदीवर जाऊन बसते. तांब्याचा किंवा लाकडाचा चिमटा वापरावा. गुलाबी चांदीला ‘रोझ गोल्ड’ म्हणून खपवू नये, लोकांना वाटते तेवढे लोक अडाणी नसतात.

चार चुका मात्र कुणीही शिकण्यासाठी करू नयेत, आणि इथे थट्टा थांबवतो. आम्लात पाणी ओतायचे नसते, पाण्यात आम्ल हळूहळू घालायचे असते. पोकळ मणी किंवा लोलक सगळीकडून बंद करून तापवायचा नसतो. हवा जायला भोक ठेवले नाही तर तो फुटतो. पॉलिशच्या फिरत्या चाकावर साखळी धरायची नसते, केस आणि ओढणी त्याच्या आसपास न्यायची नसते. आणि स्वस्त डागात कॅडमियम असेल तर त्याचा धूर फुप्फुसात जातो, म्हणून त्यात काय आहे हे विचारल्याशिवाय तो घ्यायचा नसतो. डोळ्यांवर चष्मा लावावा. ग्रॅनाइटचा ओटा ज्योतीने तडकतो, ही गोष्ट त्यामानाने फक्त घरगुती शांततेशी संबंधित आहे.

बिघडलेल्या कामाने खचून जाणाऱ्यांसाठी इतिहास आहे. इंग्लंडात शेफील्डचा थॉमस बोल्सोव्हर हा सुऱ्या करणारा कारागीर 1743 च्या सुमारास एका सुरीची मूठ दुरुस्त करत होता. आच जास्त झाली आणि चांदी व तांबे एकमेकांना घट्ट चिकटले. आपण असतो तर कपाळाला हात लावला असता. त्याने तो जोड लाटून पाहिला, दोन्ही धातू एकत्र पसरतात असे दिसले, आणि आत तांबे, वर चांदी अशा पत्र्याची बटणे काढली. त्यातून पुढे ‘शेफील्ड प्लेट’ नावाचा मोठा धंदा उभा राहिला. फ्लॉरेन्सचा सोनार आणि शिल्पकार बेन्व्हेनुतो चेल्लिनी याची गोष्ट तर त्यानेच आपल्या आत्मचरित्रात रंगवून सांगितली आहे. पर्सियसचा मोठा पुतळा ओतताना तो तापाने अंथरुणाला खिळला, इकडे भट्टीतला धातू थिजला, कार्यशाळेच्या छपराने पेट घेतला. तो उठला, भट्टीत ओकची लाकडे कोंबली आणि घरातली कथलाची ताटे-वाट्या, सुमारे दोनशे नग, एकामागून एक त्यात टाकली. पुतळा झाला, एका पायाची बोटे तेवढी राहिली. 1554 मध्ये लोकांसमोर आलेला तो पर्सियस अजून फ्लॉरेन्सच्या चौकात उभा आहे. घरातली भांडी भट्टीत टाकण्यापूर्वी भांड्यांच्या मालकिणीची लेखी संमती घ्यावी, एवढेच यात आमचे सुचवणे आहे.

चेल्लिनी आणि बोल्सोव्हर यांचे नाव घेऊन आपल्या गोळ्याचे समर्थन करण्याची सोय मात्र नाही. बोल्सोव्हरला काय बिघडले ते कळले होते. आपल्याला कळायच्या आत आपण तो गोळा पुन्हा मुशीत टाकतो. कुंभाराचे फुटलेले मडके निदान खापर म्हणून उरते. चांदीचे तसे नाही. ती वितळवली की पुन्हा कोरी होते, चांदीचे दाम जवळजवळ तसेच राहतात आणि चूक पुराव्यासकट नाहीशी होते. त्यामुळे तीच चूक पुन्हा उत्साहाने करता येते. म्हणून बिघडलेली वस्तू लगेच वितळवू नये. बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवावी आणि तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधावी. चिठ्ठीवर ‘नशीब’, ‘चांदी खराब’, ‘पाहुणे आले’ असे लिहू नये. ‘ज्योत डागावर’, ‘सांध्यात फट’, ‘26 गेज’ असे लिहावे. पुढच्या खेपेला एकच गोष्ट बदलावी. टॉर्च, डाग, पत्रा आणि नक्षी एकाच वेळी बदलणाऱ्याला कोणत्या कारणाने बिघडले ते कधीच कळत नाही, आणि कोणत्या कारणाने जमले हे तर त्याहून कळत नाही.

डबा भरेपर्यंतच्या काळात काही वस्तू नातेवाइकांना भेट देण्याची ऊर्मी येईल. ती पूर्ण दाबू नये. मावशी ‘किती छान, हातानं केलंस?’ असे म्हणते, तेव्हा त्या वाक्यातला जोर दुसऱ्या अर्ध्या भागावर असतो, हे ध्यानात ठेवावे. कोणत्याच मानवी मनगटात किंवा गळ्यात न बसणाऱ्या वस्तू गौरींसाठी राखून ठेवाव्यात. गौरी तीन दिवस असतात, हलत नाहीत, लोक त्यांना हळदीकुंकवाच्या अंतरावरून पाहतात आणि दागिना टोचतो अशी तक्रार त्यांनी आजवर केलेली नाही. मागच्या बाजूने साडीची पिन मारता येते. आमच्या माहितीतली एक ठुशी अशीच दरवर्षी मिरवते आणि तिचा फासा मुळात लागतच नाही, हे फक्त घरातल्यांना माहीत आहे.

डबा भरला आणि चिठ्ठ्या वाचून झाल्या की मगच मोड घालायला जावे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत आणि त्यासाठी भारतभर पसरली आहेत. त्यामुळे दूरच्या एखाद्या शहरातल्या सराफकट्ट्यावरही माडीवरच्या खोलीतून भट्टीच्या आवाजाबरोबर माणदेशी मराठी ऐकू येण्याचा संभव असतो. तिथे डबा उपडा करावा. डागाचा माल असल्यामुळे टंच कमी भरेल आणि वितळवल्यावर वजनात घट येईल, हे आधीच मान्य करावे, वाद घालू नये. गलाईवाला एकेक नग चिमट्यात धरून पाहील, चिठ्ठ्या वाचेल, शेजारच्या पोऱ्याला दाखवेल. दोन गोळ्यांची ती अंगठी हातात आल्यावर तो थांबेल.

“ही भट्टीत जाऊन आली व्हय?”

“नाही, ही घरी केलेली आहे.”

“बरं. म्हंजे अर्धं काम तुमीच केलंय की.”

या आधारावर गलाईच्या दरात सूट मागून पाहायला हरकत नाही. मिळत नाही.